कोकरू आधी पल्याड

आमच्या घरात एखादी गोष्ट करू नका म्हणून सांगितलं की ती झालीच म्हणून समजा. मी सांगितलं होतं. घळीतून सांगडीवरनं जायचं नाही, जीप करा आणि मुकाट्यानं डांबरी रस्त्यानं शेतावर चला. पण माझं ऐकेल तर ते आमचं घर कसलं!

त्या येळवशीला भाऊ पुण्याहून आला होता, बायको आणि पोरीला घेऊन. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. ज्यानं त्यानं भज्जी, उंडे, आंबील घेऊन आपल्या रानात जायचं, ज्वारीला आंबील शिंपायची आणि बांधावरनं जाणाऱ्या ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना हाताला धरून जेवायला बसवायचं. कितीतरी येळवशी चुकवून भाऊ यंदा नेमका आला, आणि तोही आठ दिवस आधी, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. हातपाय धुऊन चहाचा कप हातात घेतला आणि त्यानं विषय काढलाच.

"आबा, आता एकटं राहू नका. पुण्याला चला. लिफ्ट आहे, दवाखाना खालीच आहे."

आबा म्हणजे आमचे वडील. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. मेंढरं विकली, आई गेली, तरी घर सोडलं नाही. माझं सासर त्याच गावात, एक गल्ली सोडून. त्यामुळं शाळेत शिकवायला जाताना आणि येताना मी डोकावते, भाकरी ठेवते, चार शब्द बोलते. म्हणजे बोलते मी आणि ऐकतात ते. माझा राग नाकावर असतो हे गावाला माहीत आहे.

"मला काय धाड भरलीया?" आबा म्हणाले. "अजून सगळी घळ एकटा पालथी घालतो म्या. येळवशीला दावतोच तुला. वरच्या उतारापासनं शेतापातूर घळीतनंच जाऊ. निम्मं सांगडीवर, निम्मं पायी."

"म्हणजे राफ्टिंग!" भाची टुणकन उडाली. नऊ-दहा वर्षांची पोर, मोबाईलवर कुठल्या कुठल्या नद्या बघितलेली. "आबा, तुम्हाला राफ्टिंग येतं?"

"ते काय आसतंय ठावं न्हाय. आमच्यात सांगड म्हंत्यात."

झालं. ठरलं. भाऊही म्हणाला, "बघू या की, आबा." त्या 'बघू या' मागं काय आहे ते मला बरोबर कळलं.

आता मला एकटीलाच काय ठाऊक होतं ते सांगते, म्हणजे मी नको नको का म्हणत होते ते कळेल. आबांना काचबिंदू होता. धाराशिवच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची. समोरचं तेवढं दिसायचं, तेही नळीतून बघितल्यासारखं. बाजूचं नाही, पायाखालचं नाही. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा ते ओळखायचे, त्यामुळं कुणाला संशय यायचा नाही. गावातले रस्ते पायांना पाठ होते. उरलेलं काठी सांभाळून घ्यायची. दवाखान्यातनं बाहेर पडलो तर बस स्टँडवर त्यांनी माझं मनगट गच्च धरलं. "त्याला कळलं तर त्यो मला उचलून न्हील. त्या डब्यात मरून जाईन म्या. कुणाजवळ बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील." असली शपथ घातल्यावर काय बोलायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. रोज दोनदा डोळ्यांत थेंब घालायचे आणि गप्प बसायचं.

तर त्या दिवसाचा हिशेब सरळ होता. आबा घळीतून धडपणे पार पडले, तर भाऊ तोंड मिटून परत जाणार. कुठं अडखळले, चाचपडले, तर बोचकं बांधून पुणं.

आमची घळ म्हणजे नदीनं काळा खडक कापत कापत खोल नेलेली चीर. वर माळ. तरवड, बोरी, कुसळ, एखादा हिवर, की संपलं. आमच्याकडं पाऊस आधी दुसऱ्यांच्या घरी जेवून मग उरलासुरला येतो. पूर्वी घळीच्या तळाला नुसते डोह असायचे आणि आबा मेंढरं खडकाखडकानं खाली पाण्यावर न्यायचे. पुढं खालच्या अंगाला बंधारा झाला आणि पावसाळा सरला की घळीत पाणी तुंबून राहायला लागलं. पलीकडं शेतं असलेले लोक सांगडीवरनं पार होतात, पण नुसते आडवे, या काठावरनं त्या काठाला. घळीतून उभं कुणी जात नाही. का जात नाही, हे विचारायची बुद्धी आमच्यात कुणाला झाली नाही.

सांगड आबांनीच बांधली होती. चार निळी पिंपं, वर बांबूंची चौकट, तिच्यावर जुन्या बाजेच्या फळ्या, आणि काथ्याच्या दोरीच्या गाठी. गाठी मारताना आबांना डोळे लागत नाहीत. भावानं दोरी ओढून बघितली, फळीवर उभा राहून उड्या मारल्या आणि म्हणाला, "एक नंबर." पोरीला त्यानं पुण्याहून आणलेलं नारंगी जाकीट चढवलं. ते दोन मापं मोठं होतं.

आंबिलीचं मडकं माझ्याकडं होतं. येळवशीची आंबील घरातनं निघाली की शेतात पोचेपर्यंत वाटेत टेकवायची नसते. डोक्यावर नाहीतर हातात. मी सांगडीवर मांडी घालून बसले आणि मडकं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. भावजय माझ्या पाठीमागं, बांबूला घट्ट धरून. ती मूळची पुण्याचीच, पोहता येत नाही, पण सासऱ्यापुढं नाही म्हणवलं नाही बिचारीला. भाऊ मागच्या टोकाला दोरी घेऊन, आणि आबा पुढं सांगड ढकलायचा लांब बांबूचा वासा घेऊन उभे. पोरगी त्यांच्या पायाशी.

सुरुवातीला पाणी संथ होतं. दोन्ही बाजूंना काळ्या भिंती चढत गेल्या, आभाळ पट्टीएवढं उरलं, आणि गार वारा सुटला. मी डोळ्यांत तेल घालून आबांकडं बघत होते. उजवीकडनं पाण्यात बुडालेला खडक जवळ येत होता आणि आबांची मान सरळ समोर.

"आबा, उजव्या अंगाला थंडी वाजती का हो?" मी म्हणाले.

आबांनी वासा उजवीकडं रोवला. सांगड खडकाला घासून गेली.

थोडं पुढं गेल्यावर डावीकडनं बाभळीचं वाळलेलं खोड. "आबा, डाव्या हाताला मुंग्या आल्या असतील तर हात बदला." आबांनी वासा बदलला. पुन्हा एकदा उजवी थंडी, पुन्हा एकदा डाव्या मुंग्या. भाऊ म्हणाला, "आक्का, आज लई बडबडतीस गं. चालवू दे की त्यांना." आबा मिशीत हसले. मला मात्र घाम फुटला होता, त्या थंडीत.

मग आबांनी हाळी दिली. मेंढरं वळवायची त्यांची जुनी हाळी, लांबलचक, शेवटी जीभ फिरवून थरथरवलेली. ती समोरच्या भिंतीवर जाऊन परत आली. पोरगी खूश. "आबा, परत आला तुमचा आवाज!"

"तेच ऐकायचं आसतंय पोरी. भित जवळ आसली की लगीच माघारी येती. लांब आसली की दमानं. कोण म्हणतंय डोळ्यानंच दिसतंय?"

मी भावाकडं बघितलं, तर तो पाण्याकडं बघत होता.

चिंचोळ्या जवळ आल्यावर आवाज बदलला. चिंचोळ्या म्हणजे घळ जिथं अगदी अरुंद होते ती जागा. तिथं डाव्या भिंतीला खडकाचा कट्टा आहे. आबांचा बेत असा की तिथं उतरायचं, कट्ट्याकट्ट्यानं पायी जायचं आणि शेतात निघायचं. नेहमी तिथं पाणी नुसतं भरलेलं असतं. त्या दिवशी ते चाललेलं होतं. खालच्या बंधाऱ्याची दारं कुणीतरी काढली होती, उसाला पाणी सोडलं असणार. सांगड आपोआप पळायला लागली.

"दोरी टाक!" आबा ओरडले. भावानं कट्ट्यावरच्या खडकाच्या टोकाला दोरीचा फास टाकला, दुसऱ्या फेकीत बसला, आणि तो पाय रोवून ओढून धरला. सांगड थांबली, पण गप्प राहीना. ओढीनं शेपूट हलवत होती. सांगड आणि कट्टा यांच्यामध्ये पाणी कधी वीतभर दिसायचं, कधी हातभर.

"सूनबाई, उतरा," आबा म्हणाले.

भावजय हलली नाही. तिची बोटं बांबूवर पांढरी पडली होती. "मी नाही उतरणार. मला नाही जमणार. मला परत न्या."

"अगं उतर!" भाऊ मागनं ओरडला. "किती वेळ धरू मी?"

"नाही!" तिनं डोळे मिटून घेतले.

आणि इथं आबांनी ते केलं, जे फक्त मेंढरामागं जन्म काढलेला माणूसच करेल. कळप पाण्यापाशी अडला, की आधी कोकरू उचलून पल्याड ठेवायचं. ते तिकडनं ओरडलं की आई आपसूक उडी घेते आणि तिच्यामागं सगळा कळप. आबांनी हे आयुष्यभर केलं होतं आणि एकदाही फसलं नव्हतं.

"कोकरू आधी पल्याड," ते म्हणाले आणि पोरीचा दंड धरून तिला उभी केली. "पोरी, समोर कट्टा हाय न्हवं? त्याच्या खाली पायरी हाय. पाय टाक. लाखदा उतरलोय म्या हितं."

कट्टा त्यांना दिसत होता, समोरच होता. पायरी नव्हती. ती कधीच पाण्याखाली गेली होती, आणि वर मोकळी फट होती. ते मला दिसलं. "थांब!" मी ओरडले, पण आबांवर विश्वास टाकून पोरीनं पाय टाकला होता.

मी मडकं सोडून दिलं आणि हात मारला. बोटाला जाकिटाचा पट्टा लागला न लागला. मडकं फळीवर फुटलं, आंबील पांढरी पांढरी पाण्यात पसरली, आणि पोरगी नाही. पुढच्या खडकाच्या मागं पाण्यानं तिला ओढून नेलं होतं.

भावजय किंचाळायला लागली. भाऊ नाव घेऊन हाका मारत होता, पण त्याला दोरी सोडता येईना. सोडली तर आम्ही चौघंही त्याच वाटेनं जाणार. आई भवानी, माझी पोर, एवढंच मी म्हणत होते.

"गप!" आबा गरजले. सुनेला त्यांनी आजवर अगं म्हटलं नव्हतं. "समदे गप बसा!"

नुसता पाण्याचा आवाज उरला.

"पोरी, वरड! आबाला हाक मार!"

काहीच नाही. मग बारीक, खोकत, "आबाऽ!" आणि त्याच्या मागोमाग भिंतीवरनं तोच आवाज पुन्हा.

आबांनी मान तिरपी केली. "परत."

"आबाऽऽ!"

"उजव्या कपारीत हाय. भितीला चिकटून." त्यांनी गुडघे टेकले, फळीवर पालथे पडले आणि वासा खडकाला वळसा देऊन पलीकडं सरकवला. "पोरी, बांबू शिवला का?"

"नाही!"

"आता?"

"नाही आबा! मला धरवत नाहीये!"

"धरवतंय. वरडत ऱ्हा. बोलत ऱ्हा माझ्यासंगं. आता?"

"हो! हो, लागला!"

"दोन्ही हातांनी कवळ. सोडायचा न्हाय, नाक बुडलं तरी सोडायचा न्हाय."

मी आबांचे पाय धरले. मघाशी दगड होऊन बसलेली भावजय कधी पुढं आली कळलं नाही. तिनं आबांच्या बरोबरीनं वासा धरला आणि दात-ओठ खात ओढला. खडकाच्या कडेनं आधी नारंगी जाकीट दिसलं, कानापर्यंत वर सरकलेलं, आणि मग त्यात पोरीचं तोंड. तिला वर घेतली तेव्हा ती पानासारखी कापत होती. एक चप्पल गेली होती आणि ओठ निळे पडले होते.

मग आम्ही सगळे कट्ट्यावर कसे चढलो ते मला नीट आठवत नाही. भावजय पोरीला छातीशी धरून बसली, पदरानं पुसत होती आणि रडत होती. आबा हातभर अंतरावर उभे होते, त्यांच्या डाव्या बाजूला पोरगी.

"कुठं हाय?" आबा म्हणाले. "पोरगी कुठं हाय?"

त्यांचा हात हवेत चाचपडत होता. उजवीकडं, समोर. पोरगी तिथंच होती, डावीकडं.

भाऊ दोरी गुंडाळत होता, तो थांबला. आबांच्या बाजूला आला, त्यांच्या कानाजवळ हात नेऊन हलवला. आबांची पापणीसुद्धा लवली नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"तुला माहीत होतं, आक्का?"

"होतं!" मी म्हणाले. एवढा वेळ दाबून ठेवलेलं सगळं उसळून आलं. "होतं! रोज दोनदा थेंब घालते मी, तुला काय माहीत असणार? फोनवर 'आबा कसे आहेत' विचारून ठेवून देणारा तू! नेणार ना आता? ने! बोचकं बांध आणि ने!"

त्यानं आबांचा हात घेतला, आपल्या खांद्यावर ठेवला आणि पुढं चालायला लागला. आबांनी हात काढून घेतला नाही. पोरीला मी पाठुंगळी घेतली. तसेच कट्ट्याकट्ट्यानं आम्ही शेतात निघालो.

शेजारच्या रानातल्या बायकांनी आमची अवस्था बघून घोंगडं आणलं, शेकोटी पेटवली, आपल्या मडक्यातली आंबील दिली. येळवशीला असं परकं-आपलं नसतंच. पोरीला गरम भज्जी भरवली, तिचा रंग परत आला, आणि ती शेजारच्या पोरांना राफ्टिंगची गोष्ट सांगायला लागली. तिच्या गोष्टीत ती स्वतःच उडी मारून गेली होती. आबा कडब्याच्या कोपीच्या, म्हणजे खोपटाच्या, तोंडाशी बसले होते. ताटाला हात लावला नव्हता.

भाऊ त्यांच्यासमोर बसला, बरोबर समोर, नळीत येईल असा. "आबा, जेवा. पुण्याचं मी आता काढत नाही. तुमचं मन इथं आहे तर इथं राहा. आक्का आहे, मीही येत जाईन."

मी भांडी घासत होते, ती थांबले. इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं मला. घळ आम्हाला तारून गेली होती.

"न्हाय," आबा म्हणाले. "आज कोकराला पाय टाक म्हणलो म्या, अन् पाय टाकाय जागा नव्हती. हितं ऱ्हाऊन काय दावू आता? आक्कीला किती दिस शपथंत बांधून ठिवू?" मग भावाला म्हणाले, "अन् तू बी शाणाच हाईस. आठ दिस झालं पोरगी माझ्यामागं लावलीस. 'आबा चला, आबा चला.' माझीच युक्ती माझ्यावर. कोकरू पल्याड आसल्यावर म्हातारं मेंढरू अल्याड किती वरडल? येतो म्या."

"मला विचारलं का कुणी?" मी ओरडले. "मी काय करू इथं? सकाळी कुणाच्या घरात डोकावू?" मी भांडी आपटली, एक पातेलं गडगडत ज्वारीत गेलं. कुणी मला गप्प केलं नाही. भावजय उठली, पातेलं आणलं आणि माझ्याशेजारी बसून घासायला लागली.

परत जाताना मात्र जीप केली. आबा खिडकीपाशी, मध्ये पोरगी घोंगड्यात, आणि मी. घळीच्या वरच्या वळणावर आबांनी काच खाली करायला सांगितली. मला वाटलं, हाळी देणार. दिली नाही. नुसतं वारं घेतलं.

"पोरी," ते म्हणाले, "तुमच्या तितं हाळी दिली तर माघारी येती का गं?"

ती विचारात पडली. खोटं बोलायची कला तिला अजून जमलेली नाही.

"नाही आबा," ती म्हणाली. "खालचे काका वर येतात."

भाऊ पुढच्या सीटवर होता, त्याची मान खाली गेली.

"येऊ दे की," आबा म्हणाले. "कुणीतरी येतंय न्हवं."

मी दुसऱ्या बाजूला तोंड केलं. गाव येईपर्यंत वळवलं नाही.